मी कुठं चाललेय?

३ एप्रिल २०१७, सोमवार

सिनसिनाटीच्या हॉस्पिटलचा फोन आला आणि मी हो म्हणून टाकलं. क्लिनिकच्या मागे गाडीत बसून, काचा वर करून. डिसेंबरपासून यायचं, तोवर जागा धरून ठेवतील. फोन ठेवल्यावर आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण त्याच्याआधी चोरी करताना पकडल्यासारखं वाटलं. पकडणारं तर आसपास कुणीच नव्हतं.

ही वही मी इथं आले तेव्हा घेतली होती. चार पानं लिहून सोडून दिली. आज परत काढली, कारण हे कुणाला तरी सांगायला हवं, आणि इथल्या कुणाला सांगता येणार नाही.

डॉक्टर होता होता माझ्या डोक्यावर एका चांगल्या घराच्या किमतीएवढं कर्ज झालं. जिथं डॉक्टर फिरकत नाहीत अशा जागी नोकरी करा, सरकार वर्षावर्षाला त्यातला वाटा फेडतं. अट एकच: पूर्ण वेळ काम, आठवड्याला चाळीस तास. मध्येच सोडलं किंवा तास कमी भरले तर मिळालेलं सगळं दंडासकट परत. स्पायसर फोर्क या डोंगरातल्या गावात मी एकटी डॉक्टर आहे. पुढचा डॉक्टर डोंगर ओलांडून पन्नास मैलांवर. माझं तिसरं आणि शेवटचं वर्ष ३० नोव्हेंबरला भरतं.

दिवस मोजले. दोनशे एकेचाळीस. मोजायला नको होते.

१२ एप्रिल, बुधवार

डेल्फस कॉडिल येऊन गेले. एकतीस वर्षं खाणीत काढलेला माणूस, फुप्फुसं कोळशानं गच्च झालेली. नाकाला नळी आणि मागे चाकांवरची ऑक्सिजनची टाकी. टाकीला ते ‘आमची धाकटी’ म्हणतात. मी आले त्या पहिल्याच दिवशी वेटिंग रूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले होते, “ही का ती? सरकारनं भाड्यानं दिलेली डॉक्टरीण?” सगळे हसले होते. मीही.

आज हसत नव्हते. दर दोन महिन्यांनी लेक्सिंग्टनला फुप्फुसांच्या डॉक्टरकडे जावं लागतं. अडीच तास जायला, अडीच यायला. गाडी त्यांची बायको ओमा चालवते, आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

“परवा येताना ओमानं टपालपेटी उडवली,” ते म्हणाले. “आमचीच होती म्हणून बरं. डॉक्टरबाई, एक विचारू? ते तिथं करतात काय? पाठीला नळी लावतात, फुंक मार म्हणतात, परत या म्हणतात. नळी तुझ्याकडे नाही का?”

“त्यांच्याकडे श्वास मोजायचं मोठं यंत्र आहे, डेल्फस. माझ्याकडे नाही.”

“यंत्राचं सोड. तू आहेस ना इथं?”

“आहे ना,” मी म्हणाले.

खोटं नव्हतं. आज आहेच.

२७ एप्रिल, गुरुवार

व्हर्डी स्टॅम्परनं डोंगरातून रानलसूण खणून आणला, बटाट्यांबरोबर परतून डब्यात घालून दिला. क्लिनिक उघडते ती, पेशंटची नोंद करते ती, रक्त काढते ती, औषधाचे पैसे नसलेल्याला कुठून तरी गोळ्या मिळवून देते तीही. एकसष्ट वर्षांची आहे. गुडघा गेलाय, पण बसत नाही.

मी खात असताना माझ्याकडे बघत उभी राहिली.

“पोरी, तुला काही बोलायचंय का माझ्याशी?”

“नाही. का?”

“काही नाही. फॅक्सवर हल्ली कसले कसले कागद येतात. म्हटलं, विचारावं.”

“औषध कंपन्यांचे असतील. फेकून द्या.”

“बरं,” म्हणाली आणि डबा घेऊन गेली. डबा रिकामाही झाला नव्हता. गुडघा दुखत असणार. दुखला की अशी तुटक होते.

१६ मे, मंगळवार

आज टॅमरा स्लोन नावाची मुलगी आली. इथलीच, वरच्या ओढ्याकाठची. वरचं शिक्षण घेतलेली नर्स आहे, पेशंट तपासून औषध लिहून देऊ शकते. तिच्याही डोक्यावर कर्ज आहे आणि तेही माझ्यासारखंच फिटेल. फरक एवढाच की तिला इथंच यायचंय.

“मला दुसरीकडेही घेतात,” ती म्हणाली, “पण आई इथं आहे. शिवाय डेल्फसकाकांनी मला पोहायला शिकवलंय, त्यांना आता दुसऱ्या कुणी सुई टोचलेली मला बघवणार नाही.”

दोन तास माझ्याबरोबर बसली. पेशंट तिला नावानं हाका मारत होते. एका आजीनं मला अडीच वर्षांत कधी न सांगितलेलं दुखणं तिला दोन मिनिटांत सांगितलं. मला मत्सर वाटला. पण ते तेवढंच असतं तर बरं होतं.

खरं असं आहे: क्लिनिक चालवणाऱ्या गावच्या बोर्डाकडे जेमतेम दीड माणसाचे पैसे आहेत. ही जूनमध्ये आली तर पेशंट वाटले जातील. माझे तास चाळीसच्या खाली जातील. करार मोडला म्हणून पत्र येईल. नोव्हेंबरच्या तोंडाशी येऊन मी तीन वर्षांचं सगळं घालवून बसेन. दुपारभर हेच डोक्यात. एका मुलाच्या कानात बघत होते तेव्हाही हेच.

बोर्डाला सरळ विचारता येईल, की तिला घेतलंत तर माझ्या तासांचं काय? पण विचारलं तर ते विचारतील, नोव्हेंबरनंतर काय?

८ जून, गुरुवार

घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

चर्चच्या तळघरात बोर्डाची बैठक. सातच माणसं बोर्डावर, पण गावातले तीसेक जण येऊन बसले होते. हार्डवेअरचं दुकान चालवणारे आल्फर्ड डीन अध्यक्ष. भला माणूस. बोलण्याआधी टोपी काढून मांडीवर ठेवतो.

म्हणाले, “टॅमराचा अर्ज आलाय. आपलीच मुलगी. पण डॉक्टरबाई राहणार असतील तर आपल्याला दोघी झेपणं अवघड आहे. जाणार असतील तर टॅमराला आत्ताच घ्यायचं, म्हणजे सहा महिने तुमच्या हाताखाली तयार होईल. तेव्हा तुम्हीच सांगा. काही जबरदस्ती नाही. तुमचं वर्ष संपतंय हे आम्हाला ठाऊक आहे.”

इतकं सोपं करून दिलं होतं त्यांनी. नुसतं ‘जाणार’ म्हणायचं होतं.

आणि मी हसून म्हणाले, “मी कुठं चाललेय?”

टाळ्या वाजल्या. डेल्फसनं टाकीवर थाप मारली. ओमा माझ्याकडे बघून डोळे पुसत होती, आणि तिला मी नीट दिसतही नव्हते. व्हर्डी मागच्या रांगेत चष्मा काढून पदराच्या टोकासारखं सदऱ्याचं टोक धरून काचा पुसत बसली. किती वेळ पुसत होती.

मी ‘राहते’ असं म्हणाले नाही. नुसता प्रश्न विचारला. घरी येताना गाडीत हेच घोकत होते. वकिलासारखी.

९ जून, शुक्रवार

सत्तावीस पेशंट. अकरा जणांनी ‘बरं झालं’ म्हटलं.

१९ जून, सोमवार

टॅमराचा फोन. पश्चिम टेनेसीत नोकरी मिळाली, दोन वर्षांचा करार केला.

“डॉक्टर, वाईट वाटून घेऊ नका हं,” ती मला म्हणाली. मला! “आईला बरंच वाटलं. म्हणाली, डॉक्टर राहतेय ना, मग तू सुखानं जा. दोन वर्षांनी बघू. तेवढं आईच्या रक्तदाबाकडे लक्ष ठेवा.”

ठेवीन म्हणाले. आणि तिकडं ऊन फार आहे का ते विचारलं.

१७ ऑगस्ट, गुरुवार

ओमानं घरचा केक आणला, सुकवलेल्या सफरचंदांचा, सात थरांचा. कशाबद्दल ते मला कळेना. मग डेल्फसनी सांगितलं.

“लेक्सिंग्टनचं बंद केलं. जूनमध्येही गेलो नाही, परवाचंही रद्द. आता तू आणि मी.”

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत आहे. दार लावून सांगायला हवं होतं, की डेल्फस, असं करू नका, मी डिसेंबरात इथं नसेन, आणि असते तरी हे माझ्या एकटीच्या आवाक्यातलं नाही. तोंड उघडलंही. पण ओमा केकचा तुकडा कापून समोर धरून उभी होती. मी म्हणाले, “जायला हवं होतं, डेल्फस.” ते म्हणाले, “हवं तर पुष्कळ असतं.” आणि मी केक खाल्ला.

छाती तपासली. खाली दोन्ही बाजूंना आवाज मंद. पहिल्यापेक्षा जास्त मंद आहे का? वाटलं, नसावा. हे ‘वाटलं’ मी दुसऱ्या कुठल्या पेशंटच्या बाबतीत चालवून घेतलं नसतं.

१ ऑक्टोबर, रविवार

नोकरी सोडायची तर साठ दिवस आधी कळवायचं, असं क्लिनिकच्या करारात आहे. म्हणजे आज. पत्र तीनदा लिहिलं. पहिल्यात ‘घरगुती कारण’ होतं. दुसऱ्यात ‘बदललेली परिस्थिती’. तिसऱ्यात नुसतं ‘जाते आहे’. तिन्ही फाडली.

उद्या सांगेन.

३ ऑक्टोबर, मंगळवार

काल सांगितलं नाही. आज सकाळी ओमाचा फोन आला, डेल्फसचे ओठ निळे पडलेत. मी आणि व्हर्डी रुग्णवाहिकेच्या आधी पोचलो. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत दोन्ही हात टेबलावर रोवून बसले होते आणि श्वास वरच्यावर घेत होते. मला बघून बोलायला गेले, मी थांबवलं.

दुपारी लेक्सिंग्टनहून त्या डॉक्टरांचा फोन. शांत माणूस. जीव वाचेल म्हणाले, पण उन्हाळ्यापासून फुप्फुस झपाट्यानं उतरत गेलेलं दिसतंय, आधी आले असते तर औषध बदलता आलं असतं.

“जून आणि ऑगस्ट, दोन्ही भेटी रद्द झाल्यात,” ते म्हणाले. “काय झालं होतं, तुम्हाला काही कल्पना?”

“त्यांना वाटलं, मी आहे,” मी म्हणाले.

“बरं,” म्हणाले. त्यांना काय समजलं कुणास ठाऊक. टोमणा नव्हता त्यात, आणि म्हणूनच मला खुर्चीतून उठवेना.

४ ऑक्टोबर, बुधवार

क्लिनिक उघडायच्या आधी व्हर्डीला सांगितलं. उभ्याउभ्याच. सिनसिनाटी, डिसेंबर, सगळं.

तिनं हातातल्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मग खालचा खण उघडला आणि एक कागद काढून माझ्यापुढं ठेवला. सिनसिनाटीच्या हॉस्पिटलचा फॉर्म. मी इथं कधीपासून आहे, काम कसं आहे, अशी माहिती मागवलेली. वर तारीख २० एप्रिल. खाली उत्तरं, व्हर्डीच्या गोल अक्षरात. ‘हात हलका. पेशंटचं ऐकून घेते. आम्हाला हिच्यासारखी पुन्हा मिळणार नाही.’

“ही प्रत,” ती म्हणाली. “मूळ मी त्याच दिवशी पाठवलं.”

“तुम्हाला एप्रिलपासून माहीत होतं?”

“वाचता येतं मला.”

“मग जूनमध्ये... त्या बैठकीत तुम्ही का नाही बोललात?”

“मी बोलायचं? तोंड तुला दिलंय देवानं. मी मागे बसून म्हणत होते, आता सांगेल. आता सांगेल. तू हसलीस तेव्हासुद्धा मला वाटलं, हसून मग सांगेल.”

मी तासांचं सांगितलं. चाळीस तास, दंड, भीती. सांगताना ते किती लहान वाटत होतं.

व्हर्डीनं खण लोटला. “बोर्डानं ते मे महिन्यातच ठरवलं होतं. टॅमरा आली तर नोव्हेंबरपर्यंत तुझे चाळीस तास तसेच ठेवायचे. मी अर्धा वेळ करणार होते, माझ्या गुडघ्याला तेच हवं होतं. माझ्या पगारातून तिचं निघत होतं. आल्फर्डनं कागदावर लिहून ठेवलंय. तू विचारलंच नाहीस.”

बाहेर पहिली गाडी येऊन थांबली. व्हर्डी उठली, गुडघ्यावर हात दाबून.

“डॉक्टर, तुम्ही हात धुऊन घ्या. पेशंट आलेत.”

१२ ऑक्टोबर, गुरुवार

बोर्डासमोर सांगितलं. या वेळी चाळीस माणसं होती. प्रश्नाआड लपले नाही. “मी जाणार होते. जूनच्या बैठकीआधीच ठरलेलं होतं. मी तुम्हाला फसवलं.”

ओरडले असते तर बरं झालं असतं. आल्फर्डनी मांडीवरची टोपी डोक्यावर घातली. तेवढंच. मग मागून एका बाईनं विचारलं, “डिसेंबरपासून माझ्या मुलाचं इन्सुलिन कोण लिहून देणार?” राग नव्हता तिला. तिला खरंच ते माहीत करून घ्यायचं होतं.

कुणीतरी म्हणालं, टॅमराला बोलवा. मी म्हणाले, मी बोलले तिच्याशी. काल बोलले होते. सगळं ऐकून ती म्हणाली, “दोन वर्षांची सही झालीय, डॉक्टर. मोडली तर काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीय.” आणि मग, “आईचा रक्तदाब किती होता शेवटचा?” मी आकडा सांगितला. तिनं फोन ठेवला.

२३ ऑक्टोबर, सोमवार

सिनसिनाटीला येत नाही म्हणून कळवलं. त्यांनी जानेवारीपर्यंत थांबायची तयारी दाखवली, तरी नाही म्हटलं. आल्फर्डना सांगितलं की टॅमराची दोन वर्षं होईपर्यंत, नाहीतर दुसरं कुणी मिळेपर्यंत, मी आहे. तसं लिहून सही करून दिलं. ते खिळे मोजून पुडीत भरत होते. म्हणाले, “बरं. बोर्डाला दाखवतो.” पुन्हा खिळे मोजायला लागले.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, केवढा त्याग. मी तिच्यावर चिडले. त्याग नाही हा. त्या तळघरातून मला पळून जाता येईना, एवढंच. तिथं शहरात जाऊन रोज सकाळी आरशात तोंड बघायची हिंमत झाली असती तर मी गेले असते.

९ नोव्हेंबर, गुरुवार

डेल्फस घरी आलेत. आता टाकी मोठी आहे, ढकलता येत नाही. खिडकीशी पलंग लावलाय. मी एकटी गेले.

“ऐकलं, तू जाणार होतीस म्हणे,” ते म्हणाले. दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. “मी पण जाणारच होतो. दोघंही अडकलो.”

मला हसता येईना. मी लेक्सिंग्टनचं काढलं. जूनमध्ये मी खरं बोलले असते तर तुम्ही भेटी रद्द केल्या नसत्या, म्हणाले.

त्यांनी हात वर केला. “थांब. भेटी मी रद्द केल्या. मोठा माणूस आहे मी. ते माझं. ते नको घेऊस.”

जरा दम घेतला.

“पण खोटं बोललीस ते तुझं. ते मी नाही घेणार.”

“नाही,” मी म्हणाले.

“झालं तर मग. नळी लाव. बघ काय ऐकू येतंय.”

३० नोव्हेंबर, गुरुवार

आज सेवा पूर्ण. बावीस पेशंट. व्हर्डी साडेचारला गेली, “येते, डॉक्टर” म्हणून.

१७ फेब्रुवारी २०१८, शनिवार

डेल्फस मंगळवारी गेले. सकाळी साडेनऊला, ओमा कॉफी ओतत असताना. शेवटचे आठ दिवस मी रोज जात होते. त्यात मी विशेष असं काही केलं नाही, औषध दिलं आणि बसले.

आज दफन झालं. नंतर चर्चच्या तळघरात जेवण. लांब टेबलावर कोंबडी, घेवड्याची उसळ, मक्याचा पाव, पंधरा घरची पंधरा भांडी. मी रिकाम्या हातानं गेले नव्हते, बटाटे नेले होते. कुणीतरी ते घेऊन शेवटाला ठेवले. टॅमरा टेनेसीहून आली होती. लांबून मान हलवली. व्हर्डी वाढत होती. मला वाढलं, इतरांइतकंच.

मी भिंतीपाशी उभी होते. खाऊन निघावं, असं मनात होतं. तेवढ्यात ओमानं हाक मारली. जानेवारीत तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आता तिला लांबचंही दिसतं. तिच्याजवळ तिची बहीण बसली होती, मिशिगनहून आलेली, काळ्या हॅटमधली.

“ही बघ,” ओमा तिला म्हणाली आणि माझं मनगट धरलं. “डेल्फसची डॉक्टर.”

“अगं, हीच का ती?” बहीण म्हणाली. “तू फोनवर सांगत होतीस ती? ती जाणार होती ना?”

आजूबाजूचं बोलणं थांबलं, की मलाच तसं वाटलं? ओमानं माझ्याकडे पाहिलं. त्या नव्या डोळ्यानं तिनं मला इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं असेल. मी मान खाली घातली. तिनं मनगट सोडलं नाही.

“जाणार होती,” ओमा म्हणाली. “अजून तरी आहे.”

मग शेजारची खुर्ची पायानं ओढून मला बसायला सांगितलं.